सोलापूरहून न्यूयॉर्क: विमानाचं अंतर किती, वेळ किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा छोटा कारखाना होता, आता मुलगा बघतो. मुलगी लग्न होऊन न्यू जर्सीला गेली आणि तिच्यापायी आमच्या चार खेपा झाल्या. तेव्हापासून जुळे सोलापुरात कुणाचं पोरगं अमेरिकेला निघालं की आई-वडील आधी आमच्याकडे चहाला येतात. प्रश्न दर वेळी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर नेमकं किती?

मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ ते न्यूयॉर्कचं जॉन एफ. केनेडी, म्हणजे जेएफके, हे सरळ अंतर साधारण १२,५५० किलोमीटर आहे. मैलात ७,८००. वैमानिक सागरी मैल वापरतात, त्या हिशेबाने ६,७८० च्या आसपास. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

सोलापूर ते मुंबई सरळ रेषेत ३६० किलोमीटर भरतं. म्हणजे आपल्या गावापासून मुंबईपर्यंतच्या अंतराच्या पस्तीसपट पुढे जायचं आहे. आमच्या सौ.ना हा आकडा सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "पण त्रास तर पहिल्या एकपटीतच होतो." त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे, आणि या सगळ्या लिखाणाचा अर्धा भाग त्यावरच आहे.

प्रत्येक ठिकाणी आकडा थोडा वेगळा का दिसतो? कुठे १२,५३०, कुठे १२,५५०?

पृथ्वी चेंडूसारखी पूर्ण गोल धरली की एक आकडा येतो. ती ध्रुवांकडे किंचित चपटी आहे हे धरलं की दहा-वीस किलोमीटरचा फरक पडतो. काही जण विमानतळांमधलं अंतर मोजतात, काही शहरांच्या मध्यांमधलं. सागरी मैल आणि साधे मैल यांची गल्लत झाली की मात्र फरक मोठा होतो. तिकिटाच्या दृष्टीने यातलं काहीच महत्त्वाचं नाही.

विमान ताशी ९०० किलोमीटरने जातं ना? मग चौदा तासांत पोचायला हवं.

भागाकार बरोबर आहे. प्रत्यक्षात जाताना थेट विमानाला साधारण सोळा तास धरा, वारा आणि वाट यांप्रमाणे थोडं कमी किंवा जास्त. येताना चौदा ते साडेचौदा.

ताशी ९०० हा वरच्या हवेतला वेग आहे. चढताना आणि उतरताना तो कमी असतो. शिवाय तिकिटावरच्या वेळेत विमान गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचं सगळं येतं. मुंबईत धावपट्टीकडे रांगेत उभं राहणं आणि न्यूयॉर्कला उतरायचा नंबर लागेपर्यंत घिरट्या घालणं हेही त्यातच. उरलेला फरक समोरून येणाऱ्या वाऱ्याचा आणि वाकड्या वाटेचा.

नकाशावर अमेरिका पश्चिमेला आहे. मग समोरच्या स्क्रीनवर विमान उत्तरेला रशियाकडे वळलेलं का दिसतं?

पहिल्या खेपेला मीही घाबरलो होतो. शेजारच्या तरुणाला विचारलं, "आपलं विमान बरोबर चाललंय ना?" तो हसला, पण त्यालाही सांगता आलं नाही.

घरी आल्यावर नातीचा पृथ्वीगोल घेतला आणि कारखान्यातल्या सुताच्या कोनावरचा, म्हणजे गुंडाळीवरचा, हातभर धागा तोडला. धाग्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरून तो ताणला. सैल धागा अरबस्तान, भूमध्य समुद्र, अटलांटिक असा नकाशासारखा लोंबत होता. ताण दिला तसा तो आपोआप वर सरकला आणि उत्तरेकडून जाऊन बसला. सोलापुरात धाग्याला तोटा नाही, करून बघा. दोन मिनिटांत कळतं ते पुस्तक वाचून कळत नाही.

भिंतीवरचा नकाशा म्हणजे गोल पृथ्वी कापून सपाट पसरलेली. तशी पसरताना वरचा आणि खालचा भाग ताणला जातो, म्हणून ग्रीनलंड अवाढव्य दिसतं. गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता या सपाट नकाशावर कमानीसारखा वाकलेला दिसतो. मुंबईतून न्यूयॉर्कचा खरा जवळचा रस्ता सुरुवातीला उत्तर-वायव्येकडे निघतो. गणिताने काढला तर तो पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, मॉस्कोचा परिसर, फिनलंड, नॉर्वे असा वर चढतो. मग आइसलंडच्या दक्षिण भागावरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला चाटून, कॅनडातल्या लॅब्राडोरवरून खाली न्यूयॉर्कला उतरतो.

रोजचं विमान नेमकं याच रेषेवरून जातं असं नाही. कोणत्या देशाचं आकाश उघडं आहे आणि त्या दिवशी वारा कुठे आहे, हे बघून रोज वाट ठरते. गोलावरची रेषा हे मूळ माप, त्यात रोजची काटछाट.

म्हणजे विमान उत्तर ध्रुवावरून जातं?

नाही. ही रेषा फार तर ६५ अंश उत्तरेपर्यंत चढते. ध्रुव ९० अंशावर. ध्रुवाच्या जवळून जाणं हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या विमानांच्या बाबतीत घडू शकतं.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेला निघालेल्या विमानाकडे न्यूयॉर्क आपणहून सरकत यायला नको का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी आधी शाबासकी देतो.

सिद्धेश्वर एक्सप्रेस मुंबईकडे धावत असते. चहावाला डब्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो आणि परत येतो. त्याला दोन्ही वेळा सारखाच वेळ लागतो, कारण डबा, डब्यातली हवा आणि चहावाला तिघंही गाडीबरोबर चाललेले असतात. पृथ्वीचं तसंच आहे. तिच्याबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेत असतं. फिरण्याचा फुकट फायदा मिळत नाही.

मग येताना दीड-दोन तास कमी का लागतात?

वाऱ्यामुळे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्याचे पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते जास्त जोरात असतात, कधी ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे. अमेरिकेकडे जाताना हे वारे समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. वैमानिक जाताना त्यांना चुकवून निघतात आणि येताना मुद्दाम त्यांच्यात शिरतात.

९ फेब्रुवारी २०२० ला वादळी वाऱ्यात ब्रिटिश एअरवेजचं न्यूयॉर्कहून निघालेलं विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं होतं. एरवी सहा-साडेसहा तास लागतात. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. पण भोवतालच्या हवेच्या हिशेबाने ते आपल्या नेहमीच्याच वेगाने चाललं होतं.

पाकिस्तानचं आकाश बंद झाल्याने किती फरक पडला?

एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. जास्त फटका दिल्लीला बसला. एअर इंडियाच्या दिल्लीहून निघणाऱ्या काही अमेरिकेच्या विमानांना वाटेत व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावं लागलं. मुंबई समुद्रकाठी असल्याने तिथून अरबी समुद्रावरून वळसा घालणं त्या मानाने सोपं, पण वेळ वाढतोच.

रशियाचं उलटं आहे. २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही, भारतीय कंपन्यांना येतं. युनायटेड या अमेरिकन कंपनीने त्याच वर्षी मुंबई–नेवार्क (न्यूयॉर्कजवळचं न्यू जर्सीतलं विमानतळ) थेट विमान थांबवलं, त्याचं कारण हेच. आकाशाला कुंपण नसतं हे म्हणायला ठीक. तिकीट काढताना कुंपणाचे पैसेही धरलेले असतात आणि वेळही.

वाटेत थांबा घेतला तर अंतर फार वाढतं का?

हा आकडा ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. मुंबई–लंडन ७,२०० किलोमीटर, लंडन–न्यूयॉर्क ५,५५०. बेरीज १२,७५०. थेट अंतराहून फक्त दोनशे किलोमीटर जास्त, म्हणजे सोलापूर–पुणे एवढंसुद्धा नाही. फ्रँकफर्टमार्गेही जवळजवळ तेवढंच. दुबईमार्गे मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–न्यूयॉर्क ११,०००, म्हणजे चारशेच्या आसपास जास्त.

अंतर वाढत नाही, वेळ वाढतो. दोनदा उतरणं, दोनदा चढणं आणि मधली बसून काढलेली वेळ धरून एकूण वीस ते चोवीस तास होतात. दोन विमानांमध्ये दोन तासांपेक्षा कमी अंतर असलेलं तिकीट वडीलधाऱ्यांसाठी काढू नका. अनोळखी विमानतळावर गेट शोधत पळणं साठीनंतर जमत नाही. मला पंचावन्नाव्या वर्षीही जमलं नव्हतं.

अबू धाबीमार्गे गेलात तर एक सोय आहे. अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथेच होते. न्यूयॉर्कला उतरल्यावर रांग नाही, देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडायचं.

"डायरेक्ट" आणि "नॉनस्टॉप" एकच ना?

नाही, आणि इथे बरेच जण फसतात. नॉनस्टॉप म्हणजे मध्ये कुठेही न उतरणारं. डायरेक्ट म्हणजे विमानाचा नंबर एकच, पण ते वाटेत थांबू शकतं. एसटीत जसं "थेट गाडी" म्हणतात आणि ती टेंभुर्णीला थांबतेच, तसं. मी इथे "थेट विमान" म्हणतो ते मात्र नॉनस्टॉपच. तिकिटावर थांब्यांची संख्या शून्य लिहिली आहे ना, तेवढं बघा. एअर इंडियाने मुंबई–न्यूयॉर्क नॉनस्टॉप फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू केलं होतं. अशा फेऱ्या हंगामाप्रमाणे वाढतात, घटतात, बंदही होतात. म्हणून आपल्या तारखेला काय आहे ते त्या वेळीच तपासायचं.

आता सोलापूरला विमानतळ झालं. इथूनच परदेशात जाता येईल का?

एकदम इथून नाही. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, २९ सप्टेंबर २०२४ ला होटगी रोडच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईचंही. ही सगळी छोटी विमानं. गोव्याच्या विमानाला तर पंखे आहेत, ते बघून आमच्या नातीने "हे जुनं आहे का?" म्हणून विचारलं. जुनं नाही, जवळच्या पल्ल्याला तेच परवडतं.

अमेरिकेला जाणारं विमान पोटात शंभर टनांहून जास्त इंधन भरतं. तेवढं वजन उचलायला मुंबईसारखी सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीची धावपट्टी लागते, आपली त्याहून बरीच आखूड आहे. इमिग्रेशन आणि कस्टमचीही सोय लागते, ती इथे नाही.

होटगी रोडवरून मुंबईचं विमान घेऊन तिथेच पुढचं पकडावं का?

वेळ वाचतो. तासाभरात मुंबई. पण तीन गोष्टी बघा.

दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर सोलापूरचं विमान उशिरा आलं किंवा रद्द झालं तरी अमेरिकेचं विमान तुमच्यासाठी थांबणार नाही, आणि पैसेही परत मिळतीलच असं नाही. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर जबाबदारी कंपनीची. वेगवेगळे असतील तर मध्ये सात-आठ तास तरी ठेवा, पावसाळ्यात आदल्या दिवशीच जा.

सामान किलोकिलोने मोजा. अमेरिकेच्या तिकिटावर बहुतेक वेळा २३ किलोच्या दोन बॅगा चालतात. छोट्या विमानाला त्याच्या निम्म्याहूनही कमी. जास्तीचे पैसे भरताना जीव हळहळतो.

आणि मुंबईत आता दोन विमानतळं आहेत. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, डिसेंबरअखेर तिथून विमानं सुरू झाली. तुमचं विमान अंधेरीचं की नवी मुंबईचं, हे तिकिटावर वाचा. ड्रायव्हरलाही नाव सांगून ठेवा. नुसतं "एअरपोर्ट" म्हणू नका.

सोलापूरकरांनी मुंबई धरावी, हैदराबाद की पुणे?

सगळ्यात जास्त वाद याच प्रश्नावर होतो. आमच्या गल्लीत तर दोन पक्षच आहेत.

सरळ रेषेत सोलापूरहून पुणे २४० किलोमीटर, हैदराबाद २७०, मुंबई ३६०. रस्त्याने पुणे २५०, हैदराबाद ३१० च्या आसपास आणि मुंबई ४०० च्या वर. पुण्याहून अमेरिकेचं थेट विमान नाही. तिथून निघालात तरी मध्ये दिल्ली किंवा आखात येणारच, त्यामुळे पुणे मी मोजतच नाही.

हैदराबादचं विमानतळ शमशाबादला, शहराबाहेर. आपण उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद करत जातो आणि रिंग रोड धरून गावात न शिरता थेट पोचतो. पाच-सहा तास. घाट नाही, टोल सोडला तर अडवणारं कुणी नाही. पूर्व भागातल्या आमच्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातल्या, मित्रांची हैदराबादेत सोयरीक असते, त्यामुळे आदल्या रात्री मुक्कामाचाही प्रश्न सुटतो. उणीव एकच. न्यूयॉर्कला जायचं तर मध्ये आखातात किंवा युरोपात उतरावं लागतं.

मुंबईला थेट विमान मिळू शकतं, पण रस्त्याने जायचं तर खंडाळ्याचा घाट, पनवेल, सायन ओलांडायचं असतं. दुसऱ्या खेपेला मी पैसे वाचवायला रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली. घाटात एक ट्रक आडवा झाला आणि आम्ही चार तास जागेवर. काउंटरला पोचलो तेव्हा तो बंद व्हायला दहा मिनिटं उरली होती. सौ. त्या प्रवासात न्यूयॉर्क येईपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत, म्हणजे सोळा तास.

त्यानंतर मी रेल्वेच धरतो. वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ पासून आहे. सकाळी सहाच्या सुमारास सुटते आणि साडेसहा तासांत सीएसएमटी. दादरला उतरायचं आणि टॅक्सी करायची. मेट्रो ३ चं स्टेशन टर्मिनल २ ला आहे, पण दोन-दोन मोठ्या बॅगा घेऊन सरकते जिने चढा-उतरायची हौस असेल तरच. विमान मध्यरात्रीनंतरचं असेल तर दुपार कुणा नातेवाइकाकडे काढावी. रात्रीच्या सिद्धेश्वरनेही जाता येतं, पण मग पूर्ण दिवस मुंबईत काढायचा.

आषाढी वारीच्या दिवसांत पुणे–सोलापूर रस्त्यावर पालख्यांमुळे वाहतूक वळवलेली असते. तेव्हा मुंबईला रस्त्याने निघायचा विचारही करू नका. माउलींना आणि तुकोबांना तुमच्या विमानाची वेळ माहीत नाही.

दारापासून दारापर्यंत एकूण किती तास धरायचे?

मुंबईहून रात्री दीडचं थेट विमान धरू. घरून गाडीने आदल्या दिवशी दुपारी बाराला निघालो. जेवणखाण, गर्दी धरून रात्री दहाच्या आत विमानतळावर, म्हणजे साडेतीन तास हातात. सोळा तासांचं विमान. उतरून इमिग्रेशन, सामान यांत दोन तास, मुलीच्या घरापर्यंत एक. बेरीज साडेबत्तीस तास. त्यातले सोळाच हवेत.

वंदे भारतने निघालो तर पहाटे साडेपाचपासून मोजायचं. एकोणचाळीस तास होतात, पण त्यातले सहा-सात दादरला मेहुण्याकडे पाय पसरून.

आता हैदराबाद. सहा तास गाडी, तीन तास विमानतळ, दुबईपर्यंत चार, तिथे तीन, पुढे चौदा, शेवटचे तीन. बेरीज तेहतीस. म्हणजे थांबा असूनही मुंबईच्या थेट विमानाशी बरोबरी. खर्चही बहुतेक वेळा कमी येतो. एवढं मांडून दाखवल्यावरही लोक "पण मुंबई म्हणजे मुंबई" म्हणतात, मग मी चहा मागवतो.

तिथलं घड्याळ किती मागे?

हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. आपण काहीच बदलत नाही.

जानेवारीत, समजा गड्ड्याची यात्रा बघून निघालात, आणि मुंबईहून शुक्रवारी पहाटे दीडला विमान सुटलं. सोळा तासांनी मुंबईत शुक्रवारची संध्याकाळ साडेपाच, न्यूयॉर्कला शुक्रवारचीच सकाळ सात. तो शुक्रवार साडेचौतीस तासांचा होतो. येताना याची वसुली होते. रविवारी दुपारी बाराला निघून साडेचौदा तासांनी उतरलात तर इथे सोमवारची दुपार एक वाजलेली असते. विमानतळावर घ्यायला येणाऱ्याला उतरण्याची तारीख सांगा, निघण्याची नको. आमचा मुलगा एकदा एक दिवस आधी जाऊन उभा होता.

खिडकीतून काय दिसतं?

त्या जानेवारीच्या विमानातून बहुतेक काहीच नाही. रात्री दीडला अंधारात निघायचं, पश्चिमेकडे सूर्याच्या पुढे पुढे पळायचं आणि न्यूयॉर्कला सूर्य उगवायच्या सुमारास उतरायचं. सोळा तासांची एकच रात्र. नशीब असेल तर उत्तरेकडच्या, म्हणजे उजव्या खिडकीतून हिरवट उत्तर-प्रकाश दिसतो. मला एकदाही दिसला नाही. जूनमध्ये मात्र त्याच वाटेवर नॉर्वेच्या आसपासच लख्ख उजेड होतो आणि झाकण वर केलं की शेजारी ओरडतो.

बीपी-शुगरच्या गोळ्या कोणत्या घड्याळाने घ्यायच्या?

हे डॉक्टरांनाच विचारा, आणि निघायच्या आठवडाभर आधी विचारा. इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच. दिवस साडेचौतीस तासांचा झाला की डोस कसे बसवायचे हे माणसागणिक वेगळं असतं. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, चिठ्ठीसकट. दर दोन तासांनी उठून चाला, पाय सुजतात.

आणि उपास?

आमच्या आईने विचारलं होतं, विमानात एकादशी आली तर ती कुठल्या गावची धरायची? मी म्हटलं, सोलापूरची धर आणि झोप.

जेएफके की नेवार्क?

मुलं न्यू जर्सीत, एडिसन किंवा जर्सी सिटीकडे असतील तर नेवार्क जवळ. क्वीन्स, लाँग आयलंडकडे असतील तर जेएफके. मुंबईपासूनचं अंतर दोन्हीला जवळपास सारखंच, पण या दोन विमानतळांच्या मध्ये अख्खं न्यूयॉर्क शहर आहे. गर्दीच्या वेळी ते पार करायला दोन तास जातात. लाग्वार्डिया हे तिसरं, पण भारतातून येणारी विमानं तिथे उतरत नाहीत.

हेच जगातलं सगळ्यात लांबचं विमान का?

नाही. तो मान सिंगापूर–न्यूयॉर्कचा. सुमारे १५,३०० किलोमीटर, साडेअठरा तासांच्या वर. मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोही न्यूयॉर्कपेक्षा लांब, साडेतेरा हजार किलोमीटर. पृथ्वीवर कुठल्याही दोन जागांमध्ये जास्तीत जास्त अंतर वीस हजार किलोमीटरच असू शकतं, त्यापुढे गेलं की परत जवळ यायला लागतो. सोलापूरच्या अगदी पाठीमागे, पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला, पॅसिफिक महासागर आहे. सगळ्यात जवळची ओळखीची जमीन म्हणजे ईस्टर बेट, तेही हजार-बाराशे किलोमीटर दूर. म्हणजे सोलापूरहून सगळ्यात लांब जाऊन राहायचं ठरवलं तर पोहता यायला हवं.

शेंगाचटणी नेता येते का?

येते, पण हातातल्या पिशवीत नको. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड जवळ असली की तपासणीत अडवतात, प्रसंगी काढून घेतात. मोठ्या बॅगेत टाका, पाकीट घट्ट बंद करा आणि उतरल्यावर खाण्याचं सामान आहे हे विचारलं की खरं सांगा. तिसऱ्या खेपेला आमची एक किलो चटणी मुंबईतच राहिली, कारण सौ.नी ती "हाताशी असू दे" म्हणून पर्समध्ये ठेवली होती. कडक भाकरी मात्र हातातल्या पिशवीत चालते. चादर बॅगेच्या तळाला घाला, भाकरी तिच्यावर ठेवू नका, चुरा होतो.